काड्यांखालचे पांढरे धागे

प्रश्न : ताई, एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या यंदा पेटवल्या नाहीत. बारीक करून द्राक्षाच्या ओळींत पसरल्या, वर शेणखत टाकलं. आता श्रावणात काड्या उचलल्या की खाली पांढरे धागे दिसतात. शेजारी म्हणतात, मूळकूज होईल, कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची आळवणी करा, म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओता. करू का?
— एक बागायतदार, सावळज (ता. तासगाव)

उत्तर : थांबा, आळवणी नको. आधी धागे कशावर आहेत ते बघा. दोन-तीन झाडांजवळ हलक्या हाताने उकरा, पेन्सिलीएवढं मूळ धुऊन नखाने खरवडा. आतून पांढरट आणि टणक असेल तर मुळाला काही झालेलं नाही. तपकिरी असेल, साल हातात सुटून येत असेल, तर नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्र गाठा. धागे नुसते काड्यांवर असतील तर ती बुरशी तुमचंच काम करतेय.

बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती विकरं (एन्झाइम) बाहेर सोडते, काडी जागेवरच पचवते आणि विरघळलेलं अन्न शोषून घेते. सेल्युलेज काडीतल्या सेल्युलोजची साखर करतं. काडीला कडकपणा देणारं लिग्निन फार चिवट, त्याला लॅकेज आणि पेरॉक्सिडेज लागतात. फॉस्फेटेज सेंद्रिय पदार्थात अडकलेलं स्फुरद मोकळं करतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात घातलेलं स्फुरद कॅल्शियमशी बांधलं जातं, म्हणून मला या विकराचं मोल फार वाटतं. आणि आपण पैसे मोजून आणतो ती ट्रायकोडर्मासुद्धा बुरशीच! तिची कायटिनेज आणि ग्लुकानेज ही विकरं रोग आणणाऱ्या बुरशीची पेशीभिंतच विरघळवतात. ती सोडायची आणि मागोमाग बुरशीनाशक ओतायचं, हे बघून जीव तुटतो.

पलूसकडच्या माझ्या बागेत मीही तीन वर्षांपूर्वी एका दुकानदाराचं ऐकून चार ओळींना आळवणी केली होती. दिवाळीत बाकीच्या ओळींतल्या काड्यांचा मुठीत चुरा होत होता, त्या चार ओळींतल्या मात्र कडकच होत्या.

दोन गोष्टी सांभाळा. काडीत कर्ब भरपूर, नत्र थोडं. बुरशी ते मातीतून ओढते आणि पानं फिकट पडू शकतात, म्हणून शेणस्लरी देत राहा. आणि मर लागलेले, कापल्यावर आतून काळपट दिसणारे ओलांडे (वेलीच्या जाड आडव्या फांद्या) या काड्यांत कधीच मिसळू नका, रानाबाहेर नेऊन जाळा.

शेजाऱ्यांची खात्री पटवायची असेल तर जुन्या सुती धोतराचे दोन तुकडे घ्या. सूत म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. एक काड्यांखाली, एक उघड्या ओळीत, सहा इंच खोल पुरा. नायलॉनचा दोरा बांधून ठेवा. तो कुजत नाही, जागा सापडते. दोन्हीकडे ओल सारखी ठेवा. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी त्यांनाच उकरायला सांगा, आणि हाती काय आलं ते मला कळवा.