अंगठ्याची सेफ्टी हवी की नको?

परवाना आणि शस्त्र जवळ बाळगण्याचे नियम ज्या त्या देशाचे वेगळे. ते आधी नीट बघून घ्या. या वेळच्या निम्म्याहून अधिक पत्रांत सेफ्टीचाच प्रश्न आहे, म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलं आहे.

प्रश्न : रोज कमरेला बाळगण्यासाठी ९ मिमीचं पिस्तूल घ्यायचं आहे. एकच मॉडेल दोन प्रकारांत मिळतंय, अंगठ्याच्या सेफ्टीसह (म्हणजे अंगठ्याने लावायचा-काढायचा, गोळी सुटू न देणारा खटका) आणि सेफ्टीशिवाय. विकणारा म्हणतो, सेफ्टी म्हणजे नसती कटकट. मित्र म्हणतात, सेफ्टी नसलेलं पिस्तूल म्हणजे कमरेला बांधलेला साप. कोणाचं ऐकू?

दोघांचंही राहू द्या, आधी चाप ओढून बघा. अर्थात पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून आणि नळी सुरक्षित दिशेला धरून. सेफ्टी हवी की नको, हे चापच सांगतो.

१९११ पद्धतीचं पिस्तूल घ्या. त्याचा घोडा (चाप ओढला की पुढे आपटून काडतुसाला ठोका देणारा मागचा तुकडा) मागे ओढलेलाच असतो, चाप दोन-अडीच किलोच्या दाबाने सुटतो आणि जेमतेम एक-दोन मिलिमीटर हलतो. जॉन ब्राउनिंगच्या या रचनेत अंगठ्याची सेफ्टी आहे आणि मुठीच्या पाठीला दुसरीही आहे. घोडा मागे, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागी) काडतूस, सेफ्टी लावलेली, असंच ते पिस्तूल बाळगायचं. सीझेड ७५ पिस्तूल घोडा चढवून बाळगणाऱ्यांनाही हेच लागू. इथे सेफ्टीवर चर्चाच नाही. ती लागतेच.

डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हर हे दुसरं टोक. चाप पाच किलोच्या पुढे, ओढ लांबलचक. बोटाने ठरवून ओढल्याशिवाय घोडा मागे जात नाही. अशा चापाला वेगळ्या खटक्याची गरज नाही.

तुमचं पिस्तूल बहुधा या दोहोंच्या मधलं, स्ट्रायकरचं आहे, म्हणजे बाहेर घोडा नसतो, आतली स्प्रिंगवरची पिनच काडतुसाला ठोका देते. ग्लॉकचं उदाहरण घ्या. चाप सुमारे अडीच किलोचा, हलतो साडेबारा मिलिमीटर. आत तीन सेफ्टी : चापातली पट्टी, फायरिंग पिन (काडतुसाला ठोका देणारी पिन) अडवणारा खिळा आणि पडल्यावर स्ट्रायकर सुटू न देणारी खाच. पण चाप ओढला की तिन्ही एकापाठोपाठ बाजूला होतात, त्या तशाच बनवल्या आहेत. पट्टी दाबणारं बोट आहे की शर्टाचं टोक, हे पट्टीला कळत नाही.

म्हणून माझं मत असं. आठवड्यातून दोन-तीनदा दहा मिनिटं कोरडा, म्हणजे काडतुसांशिवायचा, सराव करणार असाल तर सेफ्टीचा प्रकार घ्या. होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) पिस्तूल परत घालताना ती मोठा आधार देते, आणि नको तेव्हा गोळी सुटण्याचे प्रसंग बरेचसे त्याच क्षणी घडतात. सराव होणार नसेल तर सेफ्टीशिवायचा प्रकार आणि उत्तम, कडक होल्स्टर. सर्वांत वाईट तिसरा पर्याय : ‘सेफ्टी आहे, पण मी लावत नाही.’ कपड्याला घासून ती कधीतरी आपोआप लागते. मग गरजेच्या वेळी चाप दगडासारखा लागतो आणि काय बिघडलं हे सुचतच नाही.

घेताना खटका हाताळून बघा. वर-खाली होताना ‘टक्’ असा स्पष्ट थांबा जाणवला पाहिजे. मध्येच अडकून राहणारा खटका नको. मुठीची पकड न बदलता अंगठा पोचतो ना? डावखुऱ्यांनी खटका दोन्ही बाजूंना आहे का ते पाहावं. मात्र दोन्ही बाजूंना असला की बाहेरचा खटका कपड्याला आणि गाडीच्या पट्ट्याला घासतो. पहिले आठ दिवस रोज संध्याकाळी पिस्तूल काढण्यापूर्वी तो कुठल्या स्थितीत आहे ते तपासा.

प्रश्न : घाबरलेल्या अवस्थेत सेफ्टी काढायचं विसरलो तर?

लक्षात ठेवून काढायची असेल तर विसरालच. ती पकडीचाच भाग झाली पाहिजे. १९११सारख्या खाली दाबायच्या खटक्यावर अंगठा नुसता खाली करून उचलून घ्यायचा नसतो. गोळी झाडतानाही तो खटक्याच्या डोक्यावरच टेकलेला राहतो, म्हणजे धक्क्याने खटका वर येत नाही.

सराव असा : काडतुसं दुसऱ्या खोलीत, पिस्तूल दोनदा तपासलेलं, समोर गोळी अडवेल अशी भिंत. पिस्तूल होल्स्टरमधून वर येतं आणि नळी लक्ष्याकडे वळते, तेव्हा सेफ्टी खाली. बोट अजून चौकटीवर सरळ. लक्ष्यावर नजर, मग बोट चापावर. परतताना उलट क्रम : बोट बाहेर, सेफ्टी वर, मगच होल्स्टर. वीस-पंचवीस वेळा, सावकाश. वेग मागाहून येतो.

दोन पिस्तुलं आलटून पालटून बाळगणाऱ्यांनी इथे सावध राहावं. १९११ची सेफ्टी खाली दाबली की निघते. बेरेटा ९२एफएसची स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या, मागे-पुढे सरकणाऱ्या भागावर) असते आणि ती वर ढकलली की निघते. सवय एकीची, हातात दुसरी, म्हणजे फजिती ठरलेली. स्लाइडवरच्या सेफ्टीचं आणखी एक दुखणं आहे : अडकलेलं काडतूस काढायला स्लाइड वरून मुठीत धरून ओढली की तळव्याने खटका नकळत खाली जातो. काडतूस निघतं, पण पिस्तूल उडत नाही.

प्रश्न : चेंबर रिकामंच ठेवलं तर सगळे प्रश्न मिटत नाहीत का?

अपघाताचा मिटतो, गरजेचा नाही. स्लाइड ओढायला दुसरा हात लागतो, आणि तो मुलाला धरण्यात किंवा समोरच्याला ढकलण्यात गुंतलेला असू शकतो. घाईत स्लाइड अर्धवट ओढली जाते आणि काडतूस तिरकं अडकतं.

नवख्यांनी मात्र रिकामं चेंबर सुरुवातीला जरूर वापरावं, भीती घालवण्यासाठी. स्ट्रायकरच्या पिस्तुलात एकही काडतूस नको, मॅगझिनही (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) रिकामं. स्लाइड ओढून स्ट्रायकर चढवा आणि घरातल्या घरात दिवसभर कमरेला वागवा : बसा, वाका, झाडू मारा. रात्री बघा. ग्लॉकचा चाप पुढेच असेल तर स्ट्रायकर चढलेला आहे. मागे गेला असेल तर दिवसात कधीतरी चाप ओढला गेला. दोन आठवड्यांत एकदाही मागे गेला नाही, की स्वतःच्या होल्स्टरवर विश्वास बसतो. एकदा जरी गेला, तरी दोष पिस्तुलात शोधू नका, होल्स्टर बदला.

रोज रात्री काडतूस काढून सकाळी तेच परत चढवणाऱ्यांसाठी एक इशारा. चेंबरमध्ये शिरताना प्रत्येक वेळी गोळीच्या नाकाला ठोका बसतो आणि ती हळूहळू पितळी नळकांड्यात आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, कधी धोक्याइतका. नव्या काडतुसाशेजारी ते टेबलावर उभं करा. डोळ्यांना बुटकं दिसलं, तर वापरू नका.

प्रश्न : पिस्तूल हातातून पडलं तर सेफ्टी वाचवते का?

वाचवायचं काम मुख्यतः आतल्या अडसराचं. १९११ची अंगठ्याची सेफ्टी सिअर (चढलेला घोडा धरून ठेवणारा तुकडा) अडवते, फायरिंग पिन नव्हे. नळीवर जोरात आपटल्यास पिन स्वतःच्या वजनाने पुढे धावू शकते. म्हणूनच कोल्टने पुढे सिरीज ८० मध्ये पिनेला अडसर घातला. आधुनिक पिस्तूलही निर्दोष असतं असं नाही : ठरावीक कोनात पडल्यास गोळी सुटण्याच्या तक्रारींनंतर २०१७ मध्ये सिग सावरने पी ३२० चे आतले भाग बदलून देण्याची योजना काढली. जुनं पिस्तूल घेत असाल, तर असा बदल झालेला आहे का ते विचारा.

आणि पडणारं पिस्तूल झेलू नका. झेलताना बोटं जिथे सापडेल तिथे रुततात, बहुतेकदा चापावर. पडू द्या.

प्रश्न : मऊ कापडी होल्स्टर अंगाला टोचत नाही. तोच वापरू का?

नको. पिस्तूल बाहेर काढल्यावर त्याचं तोंड मिटतं, आणि परत घालताना कापडाची घडी चापाच्या कड्यात शिरते. जुनं, लोळागोळा झालेलं चामडंही हेच करतं. कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं) किंवा जाड, तोंडाशी पट्टी घालून मजबूत केलेल्या चामड्याचं घ्या. चाप दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकला गेला पाहिजे, बाहेरून बोट लावून ढकलल्यास चाप हलता कामा नये.

जॅकेटच्या नाडीला लावलेला छोटा प्लास्टिकचा मणी तर वैरीच. काढून टाका किंवा शिवून घ्या. पिस्तूल घालताना शर्ट दुसऱ्या हाताने वर धरा, होल्स्टरकडे बघा, अडथळा जाणवला तर जोर न लावता थांबा. घोडा असलेल्या पिस्तुलावर अंगठा घोड्यावर ठेवा : चाप दाबला जात असेल तर घोडा अंगठ्याखाली हलताना कळतो. डबल-सिंगल ॲक्शनवाल्यांनी (ज्यात पहिली गोळी चापाच्या लांब ओढीने सुटते आणि पुढच्या चढलेल्या घोड्यावर) त्याआधी डिकॉकर, म्हणजे घोडा उतरवणारा खटका, दाबून घोडा उतरवायचा. पहिल्या गोळीनंतर चढलेला घोडा तसाच ठेवून पिस्तूल कमरेला खुपसणं, ही त्या जातीच्या पिस्तुलातली नेहमीची चूक.

प्रश्न : आईला संधिवात आहे, स्लाइड ओढवत नाही. हलकं रिव्हॉल्व्हर द्यावं असं सगळे सांगतात.

सगळे चाप विसरतात. स्लाइड ओढता येत नाही, त्या हाताला पाच-सहा किलोचा चाप पाच वेळा ओढायला लावायचा? शिवाय चारशे ग्रॅमच्या आसपासचं रिव्हॉल्व्हर .३८ स्पेशल काडतुसाला हातात भलतंच उसळतं. हलकं पिस्तूल बाळगायला सोपं, झाडायला अवघड. हे गणित कुणालाच चुकत नाही. त्याऐवजी सैल स्प्रिंगचं, थोडं जड पिस्तूल बघा. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी याच विचाराने केलेलं आहे; त्याला मुठीत सेफ्टी आहे, अंगठ्याची हवी तर घेता येते. एकच अट : मुठीतली सेफ्टी दबण्याइतकी पकड आईंना जमते ना, ते त्यांच्याच हातात देऊन बघा. स्लाइड ओढताना हात लांब करून नव्हे, पिस्तूल छातीजवळ आणून, मूठ पुढे ढकलत ओढायला सांगा. पुष्कळांचं अडलेलं तिथेच सुटतं.

प्रश्न : मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं समजायचं ना?

नाही. चेंबरमध्ये काडतूस तसंच असतं आणि ग्लॉकसारखं पिस्तूल ते मॅगझिनशिवायही झाडतं. ब्राउनिंग हाय पॉवरमध्ये मॅगझिन नसताना चाप निकामी करणारी योजना आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. क्रम महत्त्वाचा : आधी मॅगझिन, मग स्लाइड. उलटं केलंत तर चेंबरमधलं काडतूस बाहेर उडतं, त्याच ओढीत मॅगझिनमधलं दुसरं आत जातं, आणि मग मॅगझिन काढून तुम्ही भरलेलं पिस्तूल रिकामं समजून बसता. दोन-तीनदा स्लाइड ओढा, शेवटी मागे अडकवा. चेंबरमध्ये बघा, मॅगझिनच्या खोबणीत बघा. उजेड कमी असेल तर करंगळी घालून चाचपा : रिकाम्या चेंबरचं गोल भोक बोटाला लागतं, काडतूस असलं तर सपाट पितळ.