मौनाला खरंच एवढी ताकद असते का?

तुम्ही विचारलंय की नाटकात, गाण्यात, कवितेत मौनाचं एवढं कौतुक होतं, मग घरात आणि समाजात गप्प राहणारा माणूसच का मार खातो. बरं झालं दुसरा भाग पण विचारलात, नाहीतर ह्या प्रश्नाखाली नुसते सुविचार येतात.

माझं मत असं आहे की गप्प राहण्याला स्वतःचा अर्थ नसतोच, तो आजूबाजूचं कोणीतरी भरतं. कलाकार असेल तर तो आधीच अशी तजवीज करून ठेवतो की तुम्हाला भलता अर्थ लावताच येऊ नये, आणि समाजात तो अर्थ ज्याच्या हातात सत्ता नाहीतर कागद असतो तो लावतो. बाकी सगळं ह्यातूनच येतं.

मी कुडाळकडचा, त्यामुळे उदाहरण दशावताराचंच येणार, म्हणजे आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचं. आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे जुळवायचे. स्टेजवर एक बाकडं, बाजूला पायपेटी, मृदंग, झांज, आणि पहाटेपर्यंत नुसता दणदणाट, राक्षस आला की कान बसतात. तर एका जत्रेत बघितलेलं सांगतो. राणीचं काम करणारा गडी (बायकांची कामं पुरुषच करतात), आख्यानात त्या राणीला मुलगा गेल्याचा निरोप आला, आम्हाला वाटलं आता हा पद म्हणणार आणि रडणार. त्याने काहीच केलं नाही. बाकड्याच्या कडेला बसला आणि पदर मांडीवर सरळ करत राहिला, परत विस्कटला, परत सरळ केला. मृदंगवाल्याचा हात वर उचललेला तसाच, तो ह्याच्या तोंडाकडे बघतोय पण थाप मारत नाही. मागे खाजेवाल्याने कागद चुरगाळला तर चार डोकी रागाने वळली. मग गड्याने फक्त मुलाचं नाव घेतलं आणि पेटी सुरू झाली.

ह्यात जादू काही नाही बरं का. आधीचा तासभर गोंगाट नसता, पेटीवाला-मृदंगवाला सांभाळून थांबले नसते, तर "संवाद विसरलो वाटता" एवढंच पब्लिक म्हणालं असतं, आणि आमचं पब्लिक ते मोठ्याने म्हणतं. तबल्यात पण तेच, तीनतालात नवव्या मात्रेला 'खाली' (टाळी नसलेली जागा) येते, त्यापुढे डग्ग्याची घुम थांबते, ताल धरणारा टाळी न देता हात उघडा करतो, आणि ऐकणाऱ्याला त्या रिकामेपणावरूनच कळतं की सम (तालाची पहिली मात्रा) आता किती लांब आहे. जॉन केजची १९५२ ची ती प्रसिद्ध रचना, ज्यात पियानिस्ट ४ मिनिटं ३३ सेकंद एकही सूर वाजवत नाही, तिथे लोकांना वारा-पाऊस ऐकू आला म्हणतात, पण त्यासाठी सुद्धा हॉल, पियानो, झाकण उघडबंद करणारा वादक एवढा सगळा सरंजाम लागलाच ना. नाहीतर तो नुसता उशिरा सुरू झालेला कार्यक्रम.

साहित्यात मला सगळ्यात जास्त टोचतं ते तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', १९६७ चं. शांतता हा शब्द तिथे हुकूम आहे. नायिका बेणारेबाईंवर तिच्याच नाटक मंडळीतले लोक खेळ-खेळ म्हणत खटला चालवतात आणि शेवटी तिला बोलायला मोजून दहा सेकंद देतात. ती बोलते, भरपूर बोलते, पण तेव्हा बाकीची पात्रं गोठलेली असतात, म्हणजे ऐकतो फक्त आपण. त्या खोलीच्या हिशोबात बाई गप्पच राहिली.

आता सत्तेचं बघा. विनोबा आपल्या कोकणातलेच, पेणजवळच्या गागोद्याचे. २५ डिसेंबर १९७४ ला त्यांनी वर्षभराचं मौन धरलं, आणि मध्येच जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. त्या मौनातून 'अनुशासन पर्व' एवढे दोनच शब्द बाहेर आले आणि सरकारने ते भिंतीभिंतीवर लावले, विनोबांचा पाठिंबा म्हणून. मौन सोडल्यावर त्यांनी खुलासा केला की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्तेचं असतं ते शासन, पण तोवर सहा महिने पोस्टर बोलत होती. त्याच डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या, त्यांच्या बोलण्याचं पोस्टर कोणाला करता आलं नाही. विनोबांच्या साधनेबद्दल मला आदर आहे, तरी ह्या बाबतीत मी दुर्गाबाईंच्या बाजूचा.

आणि घरातलं मौन बघायचं तर आमच्याकडे दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन बसा. किनाऱ्याजवळच्या जमिनींना भाव आल्यापासून हक्कसोडपत्रांची रांग असते. हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला आला, पण आत्या-बहिणी येतात, कॅमेऱ्यापुढे बसतात, मशीनवर अंगठा ठेवतात आणि घरी जातात. आमच्या नात्यातली एक आत्या त्या दिवशी पूर्ण वेळात एकच वाक्य बोलली, "चष्मो काढू काय?" फोटोसाठी. कागदात छापलेलं होतं, स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय. संध्याकाळी तिचा भाऊ म्हणाला, "ती काय बोलाक नाय, म्हणजे तिका मान्य आसा."

तिला मान्य होतं का? मला वाटतं तिने हिशोब केला होता, हिस्सा मागितला तर चतुर्थीला माहेरचा दरवाजा बंद होणार, आणि तिला गणपतीला यायचं होतं. म्हणजे तिच्या गप्प राहण्यात चांगला मोठा अर्थ होता, पण तो लिहायला दस्तात रकाना नाही. दशावतारातल्या त्या गड्यासाठी थाप रोखून धरणारा मृदंगवाला होता, हिच्यासाठी कोण होतं? बाबासाहेबांनी (मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे) ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तेव्हा वर तुकोबांच्या ओळी छापल्या, "काय करूं आतां धरुनियां भीड, निःशंक हें तोंड वाजविलें", ते उगाच नाही.

तुमचा प्रश्न घरातल्या एखाद्या वादावरून आला असेल असा माझा अंदाज आहे, चुकला तर सोडून द्या. गप्प राहायचं तर जरूर राहा, रोज कोण भांडणार, पण त्याआधी एकदा तरी फॅमिली ग्रुपवर का होईना लिहून टाका की मला हे मान्य नाही, फक्त मला वाद वाढवायचा नाही. आणि मामला जमिनीचा असेल तर दस्ताचा मसुदा आधी घरी आणून नीट वाचा, कळत नसेल तर ओळखीच्या वकिलाला दाखवा, चार दिवस जास्त मागितले म्हणून कोणी ऑफिस बंद करत नाही.