मोशे ‘गरीब’ होता की ‘नम्र’?

रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणाऱ्या कोल्हापूरच्या एका ताईंनी विचारलंय: बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात मोशे, म्हणजे इस्राएल लोकांना मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून बाहेर काढणारा त्यांचा पुढारी, भूतलावरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र होता, असं म्हटलंय. लहान पोरांना ‘नम्र’ जड जातो. ‘मोशे लई गरीब स्वभावाचा होता’ असं सांगितलं तर चालेल का?

ताई, माझ्या मते नाही चालणार. आपल्याकडं ‘पोरगं गरीब हाय’ म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात, कुणी बोललं तर खाली मान घालून ऐकून घेणारं. गरीब गाय म्हणतो तसलं. मोशे तसा कधीच नव्हता. आपल्या माणसाला मारणाऱ्या मिसऱ्याला ठार करून वाळूत पुरणारा, मिसरच्या राजाच्या, फारोच्या तोंडावर ‘माझ्या लोकांना जाऊ दे’ म्हणणारा, लोक सोन्याचं वासरू पुजताना बघून देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या आपटून फोडणारा माणूस तो. त्याला गरीब म्हटलं की त्याच्या गप्प राहण्याला काही किंमतच उरत नाही.

ते वाक्य नेमकं कुठं येतं ते बघा. मिर्याम आणि अहरोन, म्हणजे सख्खी बहीण आणि सख्खा भाऊ, मोशेच्या विरुद्ध बोलू लागतात. निमित्त त्याच्या कूशी, म्हणजे कूश देशातल्या बायकोचं. पण लगेच पोटातलं ओठावर येतं: परमेश्वर काय एकट्या मोशेशीच बोललाय? आमच्याशी नाही बोलला? याला आपल्याकडं भाऊबंदकी म्हणतात. बांधाच्या जागी इथं मानाचा वाटा आहे, एवढंच. यावर आता मोशे उत्तर देणार असं वाटतं, आणि तिथंच ‘तो नम्र होता’ हे वाक्य येतं. तो बोलतच नाही. बोलतो तो देव. पुढं मिर्यामच्या अंगावर कोड उठतं तेव्हा मोशे तोंड उघडतो, ते ‘हिला बरं कर’ म्हणायला. ती सात दिवस छावणीबाहेर राहते आणि ती परत येईपर्यंत लोक मुक्काम हलवत नाहीत. मुलांपुढं मिर्यामला वाईट बाई म्हणून उभी करू नका, ही माझी कळकळीची विनंती. समुद्र ओलांडल्यावर डफ घेऊन बायकांच्या पुढं नाचत-गात गेली ती हीच, आणि बायबलातल्याच मीखाच्या पुस्तकात देवानं पुढं पाठवलेल्यांत मोशे आणि अहरोनाबरोबर तिचंही नाव आहे.

त्याच्या आधीचा ११वा अध्यायही सोबत वाचा. एल्दाद आणि मेदाद नावाचे दोघे छावणीतच देवाचा संदेश देऊ लागतात. मोशेचा सेवक यहोशवा घाईनं म्हणतो, यांना मना करा. मोशे त्याला विचारतो, माझ्यासाठी तुला हेवा वाटतो का? परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे झाले तर किती बरं! हाती सगळा अधिकार आहे, पण तो कुणी वाटून घेतला तर जीव खालीवर होत नाही. ‘नम्र’चा इथला अर्थ मला असा लागतो.

हिब्रूत इथं ‘अनाव’ हा शब्द आहे. त्याचं नातं दीन, गांजलेला अशा अर्थाच्या शब्दाशी लागतं, आणि मराठी बायबलात या सगळ्या घराण्यासाठी नम्र, दीन, लीन, सौम्य असे शब्द आलटून पालटून येतात. येशू स्वतःला ‘मनाचा सौम्य व लीन’ म्हणतो, आणि तिथंच ‘माझे जू आपणांवर घ्या’ असंही म्हणतो. हे जू महत्त्वाचं. वासराच्या प्रसंगी देव इस्राएल लोकांना ‘ताठ मानेचे’ म्हणतो, ते जुवाखाली मान न देणाऱ्या बैलावरून. आज आपण ‘ताठ मानेनं जग’ असं कौतुकानं सांगतो, त्यामुळं मुलांचा इथं हमखास गोंधळ होईल. बेंदराला बैल पुजणाऱ्या घरातल्या पोरांना तो बैल सांगा, लगेच कळेल.

‘ताठा’ मात्र तेव्हाही वाईट आणि आजही वाईट. म्हणून मी मुलांना सांगेन: ‘मोशेच्या अंगात जोर होता, पण ताठा नव्हता.’ ‘रग नव्हती’ म्हणू नका. तालमीच्या या गावात रग असणं ही शाबासकी आहे. ‘विनम्र’ही टाळा. चौकाचौकांतल्या ‘विनम्र अभिवादन’च्या फलकांनी तो शब्द पार झिजवून टाकलाय.