कामगिरीचे लेखापरीक्षण प्रथमच हाती घेताना

निधी पूर्ण खर्च झाला म्हणजे योजना यशस्वी झाली, हा समज आधी बाजूला ठेवावा. इंटोसाई या देशोदेशीच्या सर्वोच्च लेखापरीक्षण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आयएसएसएआय ३०० या मानकातील मितव्ययिता, कार्यक्षमता आणि परिणामकारकता या तीन कसोट्यांपैकी शेवटची सर्वांत अवघड आहे, कारण तिच्यासाठी व्हाउचर पुरत नाही. शिलाई प्रशिक्षणाच्या योजनेत हजेरीपट भरलेला असतो, प्रमाणपत्रेही वाटलेली असतात. परंतु सहा महिन्यांनी किती जणी त्या कामावर कमावतात, आणि प्रशिक्षण मिळाले नसते तरी त्यांतील किती जणी कमावत्या झाल्याच असत्या, हे कोणत्याही नस्तीत सापडत नाही. त्यासाठी लाभार्थींना प्रत्यक्ष भेटावेच लागते. निकष मात्र क्षेत्रभेटीपूर्वीच ठरवून त्यांवर संबंधित खात्याशी चर्चा करून घ्यावी, अन्यथा निष्कर्ष मांडताना सारा वाद निकषांवरच अडतो. नमुना स्वतः निवडावा. खात्याने सुचवलेली केंद्रे बहुधा नुकतीच रंगवलेली असतात. माझ्या पहिल्या अहवालाच्या मसुद्यात मी लाभार्थींची यादीच पुरावा मानली होती, आणि एकच नाव तीन केंद्रांवर नोंदलेले असल्याचे वरिष्ठांनी पेन्सिलीने खुणा करून दाखवले. तेव्हापासून यादी हाती आली की आधी ती नावानुसार लावून पाहतो.