स्थिरचित्रासाठी कोणती रेंडरिंग पद्धत?

प्रश्न : तांब्याची कळशी, पाण्याने भरलेला काचेचा पेला आणि तासगावच्या हिरव्या द्राक्षांचा घड असे स्थिरचित्र मी संगणकावर रचले आहे. ते खरे वाटावे म्हणून रेंडरिंगच्या, म्हणजे अशा रचनेवरून प्रकाशाचा हिशेब करून चित्र तयार करण्याच्या, रेडिओसिटी, रे ट्रेसिंग व पाथ ट्रेसिंग या पद्धतींपैकी काय निवडावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : निःसंशय पाथ ट्रेसिंग. १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठात मांडलेली रेडिओसिटी भिंतीवरून परतणारा मऊ उजेड सुंदर दाखवते. परंतु मूळ रूपात ती न चकाकणाऱ्या पृष्ठभागांपुरतीच असल्याने आपली कळशी आणि पेला दोन्ही तिच्या आवाक्याबाहेर राहतात. संगणकतज्ज्ञ टर्नर व्हिटेड यांच्या १९८० च्या रे ट्रेसिंगमध्ये, म्हणजे पाहणाऱ्याकडून उलट दिशेने किरणांचा माग काढण्याच्या पद्धतीत, प्रतिबिंब आणि अपवर्तन नेमके येते, मात्र सावल्या धारदार पडतात आणि तांब्याची लालसर झाक शेजारच्या द्राक्षांवर उतरत नाही.

जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडलेले पाथ ट्रेसिंग हे सारे एकत्र हिशेबात घेते. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते, कारण नमुने (चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठी तपासलेल्या प्रकाशाच्या वाटा) चौपट केले तरी चित्रातला दाणेदारपणा केवळ निम्मा होतो. पेल्यातून टेबलावर एकवटणारा प्रकाश सर्वांत हट्टी असतो. दिवा लहान असेल तर हा प्रकाश ठिपक्याठिपक्यांनीच उमटतो, म्हणून दिव्याचा आकार वाढवावा किंवा तेवढ्यापुरते फोटॉन मॅपिंग (दिव्यातून निघालेले प्रकाशकण कोठे पडतात याची आधी नोंद ठेवणारी पद्धत) वापरावे.

काचेचा अपवर्तनांक (आत शिरताना प्रकाश किती वळतो हे सांगणारा आकडा) सुमारे १.५ आणि पाण्याचा १.३३ ठेवावा. द्राक्षांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते : प्रकाश सालीखाली शिरून गरात विखुरतो, हे सबसरफेस स्कॅटरिंगने दाखवले नाही, आणि सालीवरचा पांढुरका थर जागोजागी पुसट केला नाही, तर कोणत्याही पद्धतीने ती प्लॅस्टिकचीच दिसतील.