बीकॉम सोडून जपानी करू का?

प्रश्न: मी साताऱ्यात बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची एन-४ पास झाले (एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड). आता क्लासमध्ये जी, मोजी, बुन, बुनशो, साकुबुन, रोनबुन असे लिखाणाचे शब्द एकदम आले आणि सगळी सरमिसळ झाली. मला भाषांतरकार व्हायचंय. बाबा म्हणतात, ते काम आता मशीन करतं. बीकॉम सोडून पुण्याला पूर्णवेळ जपानी शिकू का?

उत्तर: बीकॉम सोडू नकोस. का, ते पुढे येतंच आहे.

आधी तुझे शब्द. सहाही वेगवेगळे पाठ करतेस म्हणून सरमिसळ होते. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी वळणाची अक्षरं, बघ. 'जी' म्हणजे अक्षर. ते सोडलं तर बाकी पाचांत एक कांजी समान आहे, 'बुन'ची. 'बुन' म्हणजे वाक्य. वाक्याला वाक्य जोडून सलग मजकूर झाला की बुनशो. 'साकु' म्हणजे रचणं, म्हणून साकुबुन हा शाळेतला निबंध. 'रोन' म्हणजे युक्तिवाद, म्हणून रोनबुन हा प्रबंध. मोजी म्हणजे लिहिलेली अक्षरं, त्यातही तीच कांजी, फक्त उच्चार 'मो'. जुन्या भाषेत तिलाच 'फुमी' म्हटलं की पत्र! आपलं 'पत्र'ही मुळात झाडाचं पान. जपानी पोस्टकार्ड, म्हणजे 'हागाकी', लिहितानाही पहिली कांजी पानाचीच येते. मला हे कळलं तेव्हापासून तो शब्द पाठ करावा लागला नाही.

आता पोटापाण्याचं. साकुबुन-रोनबुनपेक्षा तुझ्या कामाचं अक्षर 'शो', म्हणजे लेखी कागद (बुनशोतला 'शो' वेगळा). मित्सुमोरिशो हे कोटेशन, च्यूमोनशो ही पर्चेस ऑर्डर (यातलं 'मोन' म्हणजे पुन्हा तुझं 'बुन'च), सेइक्यूशो हे बिल, र्योशूशो ही पावती. हा क्रम तुला कुणी शिकवायला नको, तो तू अकाउंट्समध्ये शिकलीच आहेस. माझ्याकडे एन-२ झालेली मुलं येतात, त्यातल्या काहींना डेबिट नोट म्हणजे काय ते मराठीतसुद्धा सांगता येत नाही. चाकणच्या जपानी कंपनीत खरेदी किंवा हिशेब विभागात बसायचं तर तिथे तू त्यांच्या पुढे असशील.

बाबांचं अर्धं बरोबर आहे. साध्या ईमेलचं भाषांतर मशीन करतं. पण जपानी वाक्यात कर्ता बऱ्याचदा गाळलेला असतो. माल कोण परत नेणार, खर्च कुणाचा, हे मशीन अंदाजाने ठरवतं. करारात असा अंदाज चुकला तर पैसे जातात, म्हणून तपासणारं माणूस लागतं, आणि त्याला भाषेइतकाच व्यवहार कळावा लागतो.

एक सावधगिरी. जेएलपीटीत लिहायचा भागच नाही, सगळं बहुपर्यायी प्रश्नांचं. त्यामुळे एन-४ पास असूनही पाच ओळी धड लिहिता येत नाहीत असं सर्रास होतं. रोज पाच ओळींचं साकुबुन हाताने लिही आणि सरांकडून तपासून घे. नोकरीसाठी सहसा एन-२ विचारतात. मध्ये एन-३ देऊन टाक. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, तुझ्या कॉलेजची परीक्षा बघून एकच निवड. पदवीनंतरही ओढ टिकली तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे.

आणि क्लासवाल्यांनी एन-१पर्यंतची फी एकरकमी मागितली तर भरू नकोस. एका लेव्हलचीच भर.