घडीचा बक ११० घ्यावा का?

१९६४ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आलेला ‘बक’ कंपनीचा हा घडीचा चाकू मुठीच्या टोकांच्या पितळी टोप्या व लाकडी मुठीमुळे सुमारे २०० ग्रॅम भरतो, त्यामुळे तो खिशात नव्हे, तर कमरेच्या पट्ट्यालाच वागवावा लागतो. पावणेचार इंची पाते उघडताच मागच्या खटक्याने घट्ट अडकते, ही त्याची खरी खुबी. मात्र आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत पितळ काळवंडते, आणि पात्याचे ४२० एचसी जातीचे पोलाद सहजी गंजत नसले तरी मासळी कापून पाते तसेच मिटल्यास खाचेत गंज धरतो. म्हणून गोड्या पाण्याने धुऊन, पुरते वाळवून सांध्यात शिलाई यंत्राचे तेल सोडावे (खोबरेल थंडीत थिजते). रोजच्या मासळीसाठी हवा असेल, तर माझ्या मते घेऊ नका. साधी सुरी बरी. दोरखंड कापायला, लाकूड तासायला हवा असेल, तर जरूर घ्या. फक्त पावसाळ्यात तो चामडी म्यानात ठेवू नका, कारण ओलसर चामड्याला बुरशी येते आणि पितळ हिरवे पडते.